तव्यावरचं अर्धं

शनिवार, ११ एप्रिल १९९८

बियाण्यांची कंपनी दर नाताळात एक डायरी फुकट पाठवते. इतकी वर्षं मी तिच्यात पाऊस, खत आणि मेंढ्यांना औषध पाजल्याच्या नोंदी केल्या. आज पहिल्यांदाच माणसाबद्दल लिहितोय, कारण बायकोशी, बेरिलशी, बोलायला गेलो तर ती रडेल, आणि मग मलाही रडावं लागेल.

आई आज लिंकनच्या इस्पितळातून घरी आली. फेब्रुवारीत सकाळचा चहा पिता पिता टेबलावरच तिला झटका आला होता. उजवा हात गेला आणि शब्द गेले. म्हणजे तसे गेले नाहीत, एकमेकांच्या जागी जाऊन बसले. मांजराला ती ‘डबा’ म्हणते, मला ‘टपाल’. हो म्हणायचं असलं की नाही म्हणते. शिव्या मात्र शाबूत आहेत. उतरवताना रुग्णवाहिकेच्या माणसाने चाकांची खुर्ची आपटली, तेव्हा तिने जी हासडली ती मी आजवर फक्त गुरांच्या बाजारात ऐकली होती.

तिचा त्या दिवशीचा अर्धा कप चहा बेरिलने इतके दिवस तसाच ठेवला होता. आमच्या घरची रीत आहे. घरातून लांब जाताना अर्धा चहा कपात ठेवून जायचं, आणि परत आल्यावर ज्याचा कप त्यानेच धुवायचा. मध्ये कुणी हात लावायचा नाही. मी शेतकी कॉलेजात गेलो तेव्हा माझा कप नाताळपर्यंत खिडकीत होता. त्यात काय काय उगवलं होतं ते लिहीत नाही. लग्न होऊन आली तेव्हा बेरिलला हा शुद्ध आळशीपणा वाटला होता.

आज तिने आनंदाच्या भरात आईचा कप घासूनपुसून तिच्यापुढे ठेवला. “बघा आई, तुमचा कप! कसा चकचकीत केलाय.”

आई कपाकडे बघत राहिली आणि हमसाहमशी रडायला लागली. आनंदाने, असं बेरिल म्हणाली. मला तसं वाटलं नाही, पण बायकांच्या रडण्यातलं मला काय कळतं.

रविवार, १९ एप्रिल

तव्याचं प्रकरण सुरू झालंय.

आईने डाव्या हाताने खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि म्हणाली, “अर्धं. तव्यावर. अर्धं.”

बेरिल धावत स्वयंपाकघरात गेली. शेगडी बंद, तवा खुंटीला. “काही नाही हो आई तव्यावर. करपत नाहीये काही.”

“अर्धं! तव्यावर!”

मग मी अंडं तळून अर्धं तव्यावर ठेवलं आणि तवाच तिच्यासमोर नेला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पाच वर्षांचा झालो. दुसरा तवा नेला. तो नाही. जत्रेत जिंकलेला छोटा नेला. तोही नाही. शेवटी आजीचा बिडाचा नेला, तो तिने फेकून मारला. डाव्या हाताच्या मानाने नेम चांगला आहे. मांजर वाचलं.

बुधवार, ६ मे

बागेचं ठरलं. बेरिल म्हणते मला वेड लागलंय. एक्कावन्नाव्या वर्षी लागलं, तेवढी तरी सवड मिळाली.

ही जमीन आईच्या वडिलांची, डाउस आजोबांची. बेचाळीस साली सरकारी माणूस आला, नकाशावर बोट फिरवलं, आणि कापणीच्या आत शेत विमानदळाचं झालं. आजोबांची सफरचंदांची बाग धावपट्टीखाली गेली. घरामागे एक झाड उरलं होतं, तेही नंतर वादळात पडलं. महायुद्ध संपेपर्यंत इथून लँकेस्टर विमानं जर्मनीवर बॉम्ब टाकायला जायची. मग जमीन परत मिळाली, काँक्रीटसकट. बाबांनी जन्मभर त्या काँक्रीटच्या मधल्या पट्ट्यांत गहू पेरला. मोठ्या धावपट्ट्या पुढे नव्या रस्त्याच्या भरावासाठी खणून नेल्या. आता उरलाय तो कडेकडेने फिरणारा रस्ता आणि चकत्या.

चकत्या म्हणजे विमानं उभी करायच्या जागा. कडेच्या रस्त्याला एक आखूड फाटा आणि फाट्याच्या टोकाला काँक्रीटचा गोल. आम्ही पोरं त्यांना चकत्या म्हणायचो, गाव अजून म्हणतं. मी सायकल तिथेच शिकलो.

सुगी आटोपली की टेरी लस्बी मशीन घेऊन येणार, सगळं फोडून नेणार, आणि मी तिथे बाग लावणार. डाउसांच्या जमिनीवर पुन्हा सफरचंदं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती हसली, आणि माझा हात धरून बराच वेळ “डबा, डबा” म्हणत राहिली.

टेरी माझ्या वर्गातला, त्यामुळे आब राखून बोलत नाही. आज तो पाण्याच्या टाकीवर चढून जागा बघून आला. “वरून काय मजा दिसते माहितेय? कुणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत आडवी पाडल्यासारखी. गोल आणि दांडा, गोल आणि दांडा.”

“भूक लागलीय तुला,” मी म्हटलं. “बेरिलला सांगतो पाव कापायला.”

“आणि शेवटच्या चकतीच्या कडेला ते वाकडं झाड आहे, त्याचं काय करायचं?”

ते झाड कुणी लावलेलं नाही, आपोआप आलेलं आहे. त्याला नाव नाही. झाडावरून तोडून खाल्लं तर दात आंबतात. आई मात्र दर ऑक्टोबरला टोपली घेऊन जायची आणि फळं माळ्यावर पेंढ्यात ठेवायची. नाताळनंतर ती बरी लागतात. बाबा होते तोवर दर हिवाळ्यात तिथे जाऊन छाटणी करायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, “तुझ्या आईचं झाड आहे.” एवढंच.

“काढून टाक,” मी टेरीला म्हटलं. “नर्सरीची सरळ रोपं येणार आहेत.”

मंगळवार, ९ जून

बोलायला शिकवणारी बाई दर मंगळवारी येते, मिस ट्रेंथम. तरणी आहे, गाडी फार जोरात चालवते, पण आईला ती आवडते. चित्रांचे पत्ते दाखवते. आज आई ‘चमचा’ चमच्यालाच म्हणाली. आम्ही टाळ्या वाजवल्या, आईने आम्हाला शिवी दिली.

मी तव्याचं विचारलं. आई रोजच खिडकीतून बोट दाखवते, रोज तेच, अर्धं आणि तवा.

“शब्द चुकला असेल,” मिस ट्रेंथम म्हणाल्या, “पण त्यामागे काहीतरी नक्की आहे. त्यांना काय म्हणायचंय ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही ऐकत राहा. समोरच्याला कळतच नाही असं वाटलं ना, की माणसं बोलायचं सोडून देतात. एकदा सोडलं की मग मलाही काही करता येत नाही.”

मी ऐकत राहतो. मला दुसरं काय येतं.

गुरुवार, ३ सप्टेंबर

गहू घरात आला. बरा झाला, शेजाऱ्यापेक्षा बरा झाला म्हणजे उत्तमच झाला.

टेरीची मशीनं आज आली. पूर्वेकडून सुरुवात केली. पहिला दणका बसला आणि आई खुर्चीतून अर्धी उठली. खिडकीच्या काचेवर तळहात मारत होती. “तवा! तवा! नको, तवा!”

‘नको’ बरोबर जागी आलं याचा मला आधी आनंदच झाला. मग तिचा चेहरा पाहिला.

बेरिलने पडदा ओढला, रेडिओ लावला. आवाजाने त्रास होत असणार. साहजिक आहे, लढाईतले आवाज आठवत असतील. मी शेतात जाऊन टेरीला सांगितलं, “होईल तितकं लवकर आटप बाबा, आईला सोसत नाहीये.”

“एनिडकाकूंसाठी शनिवारीही माणसं लावतो,” तो म्हणाला. चांगला माणूस आहे.

बुधवार, ९ सप्टेंबर

आई बोलत नाही.

रविवारपासून एक शब्द नाही. मिस ट्रेंथम काल आल्या, पत्ते मांडले, आईने ते एकेक करून पालथे घातले. जाताना त्या दारात माझ्याशी हळू आवाजात बोलल्या, आणि मला हळू आवाज आवडत नाहीत.

आज मुद्दाम मी तिच्या पायावर बादली पाडली. शिवीसुद्धा दिली नाही. हे मला सगळ्यात लागलं.

जेवते मात्र नीट, असं बेरिल म्हणते. ताट स्वच्छ, चहा तळापर्यंत. काल मला बाजाराला निघताना पाहूनही तिने माझा अर्धा कप बाजूला सरकवला नाही, नेहमी सरकवायची. विसरली असेल.

मी बाग लावतोय ती तिच्यासाठी, हे तिला सांगितलं होतं का नीट? सांगितलं असतं तरी आता कुठे पोचणार. मला भीती वाटते. लिहून ठेवतो, म्हणजे निदान कुठेतरी म्हटल्यासारखं होईल.

शनिवार, १२ सप्टेंबर

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर माझी मलाच क्षमा.

सप्टेंबरात जुने विमानवाले गावात जमतात. चर्चमध्ये प्रार्थना होते, सभागृहात सँडविचेस होतात, आणि मग ते माझ्या शेतात शिरून गव्हाच्या धसकटांकडे बघत डोळे पुसतात. मी एरवी त्या दिवशी बाहेर पडत नाही. आज फाटकापाशीच एकाने गाठलं. ठेंगणा, कोटाला पदकं, काठी. नाव सिड पेव्हरेल, विमानांची इंजिनं बघायचा.

“तुमचे तवे उरलेत का हो अजून?” त्याने विचारलं.

मला वाटलं, झालं, ह्यांनाही तोच आजार. मी आईशी बोलतो तसं सावकाश आणि मोठ्याने म्हटलं, “तवे घरात आहेत, काका. तुम्हाला काही खायचंय का?”

“ओरडताय कशाला? ऐकू येतं मला. विमानांचे तवे म्हणतोय मी! गोल असतात, दांड्याचे. आमचं विमान शेवटच्या तव्यावर असायचं, पश्चिमेला. तुम्ही काय म्हणता त्यांना?”

“चकत्या,” मी म्हटलं.

“चकत्या!” म्हातारा बघतच राहिला. “सगळं विमानदळ तवा म्हणायचं, आणि तुम्ही चकत्या?”

तो पुढे काहीतरी बोलत होता. मला पश्चिमेकडून मशीनचा आवाज ऐकू येत होता, आणि आईचं बोट दिसत होतं, एप्रिलपासून रोज त्याच दिशेला रोखलेलं. मी त्याला लँडरोव्हरमध्ये अक्षरशः कोंबला आणि धसकटांमधून सरळ गाडी घातली.

शेवटची चकती अर्धी फुटली होती. टेरीच्या माणसाचं मशीन झाडाकडे वळलेलं, खोदायचा दातेरी पंजा वर उचललेला. मी हॉर्न वाजवत त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. टेरी कानावरची टोपणं काढत धावत आला.

“मरायचंय का तुला, गाढवा?”

“थांबव सगळं.”

“तूच म्हणालास लवकर आटप!”

“मी महामूर्ख आहे. थांबव.”

“हे शाळेत असताना मान्य केलं असतंस तर?” तो म्हणाला, पण हात वर करून त्याने मशीन बंद करवलं.

सिडला टेरीपाशी सोडून आईला आणायला घरी गेलो. बेरिलला मागे घेतलं, आईला उचलून पुढे बसवलं, तरी ती बोलली नाही, ओढलेल्या पडद्याकडे बघतात तशी समोर बघत होती. तव्यावर आलो. मी तिला खुर्चीत बसवलं आणि गुडघ्यांवर बसून म्हटलं, “आई, हा तवा. हाच ना? कळलं मला. फार उशिरा कळलं.”

तिने झाडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या डोक्यात एक टपली मारली. “टपाल,” ती म्हणाली. “गाढव.”

असं गोड मला आयुष्यात कुणी काही म्हटलं नाही.

सिड पेव्हरेल तिच्याकडे टक लावून बघत होता. “एनिड? चहाच्या गाडीवाली एनिड डाउस?”

आईने डोळे बारीक केले. “मेल्या,” ती म्हणाली. “सिड!”

पहिल्या दमात, बरोबर नाव! बेरिल इतकी मोठ्याने रडायला लागली की टेरीच्या माणसांनी टोप्या काढल्या.

रविवार, १३ सप्टेंबर

सिड आज जेवायला थांबला. आई तुकडे बोलते, तो जोडतो, चुकला की ती त्याला हाणते. कळलं ते असं.

आई तेव्हा वीस वर्षांची. चहाची गाडी घेऊन तव्यातव्यावर फिरायची. उड्डाणाआधी पोरं चहा घ्यायची, अर्धाच प्यायची, आणि कप गाडीच्या फळीवर ठेवून सांगायची, ‘बाकीचा सकाळी.’ काहीतरी अर्धं ठेवलं की ते पुरं करायला परत यावंच लागतं, असा त्यांचा हिशेब. सकाळी जो परत येईल त्याने आपला कप धुवायचा. जे कप तसेच राहायचे, ते दुपारी आईला धुवावे लागायचे.

हे ऐकलं आणि बेरिल उठून बाहेर गेली. मी मागे गेलो. “मी धुतला रे त्यांचा कप,” ती म्हणाली. “घरी आल्या त्या दिवशी. मी त्यांना मेलेल्यांत घातलं.” मी तिला जवळ घेतलं. आत आलो तर आईने तिला खुणेने बोलावलं, आणि तिच्या ओल्या गालावर डाव्या हाताचा पंजा ठेवला.

शेवटच्या तव्यावरच्या विमानात शेपटाकडच्या बंदुकीवर बसणारा एक कॅनडाचा पोरगा होता, हार्वी. त्याला आपल्या इंग्लंडचा चहा आवडायचा नाही. मोजे धुतल्यासारखा लागतो म्हणायचा. त्याच्यासाठी आई घरामागच्या उरलेल्या झाडाचं, माळ्यावर राखून ठेवलेलं सफरचंद न्यायची. तो अर्धं खायचा आणि अर्धं तिच्याकडे द्यायचा. ‘बाकीचं सकाळी.’ मार्चमध्ये एका सकाळी विमान आलं नाही. कप धुता येतो. सफरचंदाचं काय करायचं? फेकणं तिला जमेना. तिने ते तव्याच्या कडेला पुरलं.

म्हणजे ते नाव नसलेलं वाकडं झाड हार्वीच्या अर्ध्यातून आलेलं आहे. आणि डाउस आजोबांच्या बागेतलंही तेवढंच काय ते उरलेलं आहे. आणि मी नर्सरीतून रोपं आणणार होतो.

आईचं त्याच्यावर प्रेम होतं का, हे मी विचारलं नाही. बाबांना ठाऊक होतं आणि ते छाटणी करत राहिले. मला बाबांचा अभिमान वाटला, आणि ते नाहीत याचं आज पुन्हा नव्याने वाईट वाटलं.

शनिवार, १७ ऑक्टोबर

उरलेला अर्धा तवा तसाच राहणार, झाडासकट. नर्सरीची रोपं रद्द केली. हिवाळ्यात ह्याच झाडाच्या काड्या कापून ठेवायच्या, मार्चमध्ये कलमं बांधायची. सगळी बाग ह्या एका झाडाची. शहाणे लोक म्हणतील, मधूनमधून दुसऱ्या जातीची झाडं हवीत, नाहीतर फळ धरणार नाही. ते लावू. पण मोठेपणा ह्याचाच. टेरी म्हणतो, “दात आंबवणारी फळं विकणार कुणाला?” मी म्हटलं, तुला, नाताळनंतर.

आई बोलते. चुकीचं बोलते, पण दिवसभर बोलते. मिस ट्रेंथमनी तिला शेफील्डला जागा मिळवून दिली, तिथे काही आठवडे राहून रोज शिकवतील. ‘फक्त ज्यांची जिद्द आहे त्यांनाच घेतात,’ त्या म्हणाल्या. आईने जिद्दीला ‘साबण’ म्हटलं आणि मान डोलावली.

सोमवार, १९ ऑक्टोबर

आई शेफील्डला गेली. निघताना तिने झाडावरचं एक फळ मागितलं. आंबट आहे, आत्ता नको, म्हटलं. तिने शिवी दिली, मी आणलं. तोंड वेडंवाकडं करत तिने ते बरोबर अर्धं खाल्लं, उरलेलं बशीत ठेवलं, आणि बशी टेबलाच्या मधोमध सरकवली. मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने बोट रोखलं.

“नाही धुणार, आई,” बेरिल म्हणाली. “शप्पथ.”

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

टेरी आला होता. बशीकडे बघून म्हणाला, “काय रे हे, टाकायचं राहिलंय?” आणि हात पुढे केला. बेरिल आणि मी एकाच वेळी एवढ्या जोरात ओरडलो की त्याच्या हातातला चहा सांडला. मग त्याला सगळं सांगावं लागलं. निघताना दारात थांबला, परत आला, उरलेल्या घोटभर चहासकट कप बशीशेजारी ठेवला आणि म्हणाला, “मला उद्या स्केग्नेसला जायचंय. राहू दे.”

सोमवार, ३० नोव्हेंबर

आई आली.

खुर्ची नाही, काठी. दारातून सरळ टेबलापाशी गेली. सफरचंद काळं पडून सुकलं होतं, त्यावर चिलटं. आईने ते नाकाशी नेऊन नाक मुरडलं आणि माझ्या हातात दिलं. अर्ध्या तव्याच्या दुसऱ्या कडेला पुरायचं आहे, हे मला न सांगता कळलं. मीही शिकतोय.

बेरिल बशी घ्यायला पुढे झाली आणि थांबली. आईने बाही दातांनी वर ओढली. एका हाताने बशी धुवायला फार वेळ लागतो. ती निसटते, फिरते, पाणी सगळीकडे उडतं. आम्ही कुणीही मदत केली नाही. दोनदा धुतली. मग ती उजेडात धरून पाहिली, आणि मागे न वळता हात माझ्याकडे केला.

“गॉडफ्रे,” ती म्हणाली. “फडकं दे.”